शेवाळाची पत्रके आणि विहिरीचे पाणी

काचेची टाकी विकत घेतली की दुकानदार सोबत एक छापील कागद देतो. मासे किती ठेवावेत, खाद्य किती घालावे, आणि शेवळ आले तर काय करावे, हे त्यात दिलेले असते. गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्याकडे अशी पाच पत्रके जमली. त्यांची नावे आम्ही देत नाही, कारण पाचांचा मजकूर जवळपास एकच आहे. एकाने दुसऱ्याचे उतरवून घेतले असावे, हे चुकांवरूनही कळते. शेवाळावरचे उपायही सगळीकडे तेच : टाकी खिडकीपासून दूर ठेवा, खाद्य कमी घाला, शेवाळ खाणारा मासा आणा, औषधाचे थेंब टाका आणि दर आठवड्याला अर्धे पाणी बदला.

हे उपाय खोटे आहेत असे नाही. आमची तक्रार वेगळी आहे. तुमच्या नळाला किंवा विहिरीला कोणते पाणी येते, हा प्रश्न यातले एकही पत्रक विचारत नाही. यवतमाळ जिल्ह्यात राहणाऱ्या आम्हाला हा प्रश्न टाळता येत नाही, आणि तो टाळला की पाचवा उपाय कसा उलटतो ते पुढे पाहू. आधी बाकीच्या चार उपायांचा समाचार थोडक्यात घेऊ.

पण त्याहीआधी शब्दाचा घोळ. 'शेवाळ' म्हणताना आपण निदान चार निरनिराळ्या गोष्टींबद्दल बोलत असतो. पाणी पालकाच्या सारासारखे हिरवे होते तेव्हा त्यात तरंगणारी एकपेशीय हिरवी शैवाले असतात. दगडांवर आणि पानांवर केसांसारखे लांब तंतू येतात, त्यांत वर्गीकरणाच्या धड्यात भेटणारा स्पायरोगायरा असू शकतो. नव्या टाकीच्या काचेवर तपकिरी, बोटाने सहज पुसला जाणारा थर बसतो. तो बहुधा डायाटम म्हणजे करंडक वनस्पतींचा असतो. यांचे कवच सिलिकाचे असते. आपल्या जिल्ह्याचा बराचसा भाग बेसॉल्ट खडकावर आहे आणि त्यातून झिरपलेल्या पाण्यात विरघळलेली सिलिका असतेच. हा थर बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. चौथा प्रकार निळसर हिरव्या, बुळबुळीत, कुबट वासाच्या पापुद्र्याचा. पुस्तके त्याला नील-हरित शैवाल म्हणत आली, पण ते जीवाणू आहेत. त्यांच्या पेशीत केंद्रकच नसते.

चौघांची खोड वेगळी, तरी पत्रकांत चौघांना एकच औषध. शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर टाकी धुण्याआधी काचेवरचा थर आणि हिरव्या पाण्याचा एक थेंब जरूर पाहावा. स्पायरोगायराचे सर्पिल हरितलवक मुलांनी चित्रात पाहिलेले असते, इथे ते फुकट मिळते. आम्हाला तर अनेकदा वाटते की अशी टाकी साफ करण्याची घाई करूच नये. असो.

आता खिडकीचा उपाय. तो बरोबर आहे, फक्त पत्रके त्याला एका ओळीत उरकतात. भर दुपारच्या थेट उन्हात सुमारे १,००,००० लक्स प्रकाश असतो, तर घरात दिवे लावून बसतो त्या खोलीत तीनशे ते पाचशे. सकाळचे तासभर ऊन टाकीवर पडले तरी दिवसभर दिवा जाळल्यापेक्षा जास्त प्रकाश आत जातो. म्हणून 'दूर ठेवा' म्हणून भागत नाही. ऊन कोणत्या महिन्यात कोणत्या खिडकीतून कुठवर येते ते पाहायला हवे. जानेवारीत टाकीपर्यंत पोचणारे ऊन जूनमध्ये पोचत नाही. दिव्याचे तास सहा ते आठच ठेवावेत. पाणी हिरवे झालेच तर तीन-चार दिवस टाकी काळ्या कापडाने पूर्ण झाकणे हा साधा उपाय आहे, पण मेलेले शैवाल कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खाते, म्हणून तेवढे दिवस हवेचा पंप चालू हवा. भारनियमनाच्या आठवड्यात हा प्रयोग करू नये.

खाद्य कमी घाला, हाही चांगला सल्ला, आणि त्याचे महत्त्व पुढे अधिक कळेल. शेवाळ खाणाऱ्या माशाचा सल्ला मात्र आम्हाला मुळीच पटत नाही. दुकानात बोटाएवढा मिळणारा 'सकर' फूट-दीड फूट वाढतो. टाकीत मावेनासा झाला की कोणीतरी दया येऊन त्याला तलावात सोडते. दक्षिण अमेरिकेचा हा मासा भारतातल्या अनेक नद्या-तळ्यांत अशाच वाटेने पोचून स्थानिक माशांच्या मुळावर आला आहे. शिवाय माशाने शेवाळ खाल्ले तरी त्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस विष्ठेतून पुन्हा पाण्यातच येतो. हाताने खरवडून बाहेर काढलेले शेवाळ खरोखर बाहेर जाते. आरोग्य खात्याकडून डासांच्या अळ्यांसाठी मिळणारे गप्पी मासे शेवाळ थोडेफार कुरतडतात. काचेची मागची बाजू त्यांच्यासाठी न खरवडता सोडावी.

औषधाच्या थेंबांत पुष्कळदा तांब्याचे संयुग असते. एका पत्रकात तर सरळ 'चिमूटभर मोरचूद' असे लिहिले आहे. मोरचूद शैवालाला मारते हे खरे. गोगलगाई आणि झिंगे यांनाही मारते, आणि माशांना किती मारेल हे पाण्यावर ठरते. कठीण, बायकार्बोनेट भरपूर असलेल्या पाण्यात तांब्याचा विषारीपणा घटतो, मृदू पाण्यात तीच मात्रा जीवघेणी होते. म्हणूनच मत्स्यतळ्यांत मोरचूद वापरणारे जाणकार आधी पाण्यातले बायकार्बोनेट मोजतात आणि मग मात्रा ठरवतात. 'चिमूटभर' लिहिणाऱ्याने कोणते पाणी धरले होते? गावच्या विहिरीच्या पाण्यात ज्याचे मासे वाचले, त्याने पावसाच्या पाण्याच्या टाकीत तीच चिमूट टाकली तर सकाळी मासे पालथे दिसतील. शेतीमुळे आपल्याकडे मोरचूद अनेक घरांत असते, पण ही वस्तू मुलांच्या हाती देण्याची नाही.

आता पाणी बदलण्याकडे येऊ. यामागचा विचार असा : माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. जीवाणू त्याचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. (जुन्या पुस्तकांत दुसऱ्या पायरीसाठी नायट्रोबॅक्टरचे नाव असते. गोड्या पाण्याच्या मत्स्यालयात हे काम मुख्यतः नायट्रोस्पिराच्या कुळातले जीवाणू करतात असे १९९८ साली दिसून आले, पण पत्रके अजून तिथेच आहेत.) नायट्रेट साठत जाते, ते शेवाळाचे खत आहे, म्हणून अर्धे पाणी काढून ताजे भरा, की नायट्रेट निम्मे. तर्क बिनचूक वाटतो. त्यात एक गोष्ट न सांगता धरली आहे, ती म्हणजे ताज्या पाण्यात नायट्रेट नाही.

यवतमाळ शहरात निळोणा आणि चापडोह धरणांचे पाणी नळाला येत आले आहे. खेड्यांत मात्र विहीर, हातपंप, बोअर. शहरातही नळ आटला की बोअरच. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक अहवालात देशभरातल्या सुमारे २० टक्के नमुन्यांत नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅम या पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपेक्षा जास्त आढळले. महाराष्ट्रातल्या त्रासदायक जिल्ह्यांत वर्धा, बुलढाणा, अमरावती यांच्याबरोबर यवतमाळचे नाव आहे. कारणे गावात फिरणाऱ्याला दिसतात. कपाशीला टाकलेला युरिया पिकाने घेतला नाही तेवढा पावसाबरोबर खाली उतरतो. विहिरीशेजारी उकिरडा असतो, गोठा असतो, संडासाचा शोषखड्डा असतो. फ्लोराइडची चर्चा या जिल्ह्यात पुष्कळ झाली आहे. नायट्रेटची त्या मानाने नाहीच.

आता हे उदाहरण फळ्यावर मांडून पाहा. आकडे आम्ही समजण्यासाठी घेतले आहेत. टाकीत ४० लिटर पाणी, त्यात लिटरला ३० मिलिग्रॅम नायट्रेट. विहिरीच्या पाण्यात ८०. मासे आठवड्याला ५ ची भर घालतात. पत्रकानुसार अर्धे पाणी बदलले. ३० आणि ८० ची सरासरी, झाले ५५. आठवड्याने ६०. पुन्हा बदलले, ७०. आठवड्याने ७५. असे करत करत, दर वेळी बदलण्याआधीचा आकडा ९० च्या जवळ जाऊन थांबतो. हा ९० कुठून आला? विहिरीचे ८०, अधिक आठवड्याच्या भरीची दुप्पट. बीजगणित येणाऱ्या मुलांना हे समीकरण मांडायला द्यावे. म्हणजे कितीही निष्ठेने पाणी बदलले तरी टाकी विहिरीपेक्षा स्वच्छ होऊ शकत नाही. तेच पाणी विहीर आणि पावसाचे निम्मे-निम्मे मिसळून, म्हणजे ४० चे करून घेतले, तर टाकी ५० वर थांबते.

उन्हाळ्यात याहून वाईट. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि उघड्या टाकीतले पाणी झपाट्याने उडते. वाफ होते ती पाण्याची, क्षार आणि नायट्रेट मागे राहतात. काचेवर पाण्याच्या रेषेशी बसणारे पांढरे कडे ही त्याचीच खूण. दहा लिटर उडाले आणि दहा लिटर विहिरीचे भरले, तर ८०० मिलिग्रॅम नायट्रेट आत आले, म्हणजे ४० लिटरच्या टाकीत लिटरमागे २० ची वाढ, मासे असोत वा नसोत. भर घालणे आणि बदलणे यांतला हा फरक पाचांपैकी एकाही पत्रकात नाही. उन्हाळ्यातली भर शक्य तर साठवलेल्या पावसाच्या किंवा आरओच्या पाण्याने घालावी. मात्र पूर्ण टाकी आरओच्या पाण्याने भरू नये, माशांना काही क्षार लागतात.

इथपर्यंत आम्ही पत्रकांचे एक गृहीत तपासले. दुसरे अजून तसेच आहे : नायट्रेट वाढले की शेवाळ वाढते, हे तरी खरे का? यावर जगभर मोठा वाद झाला आहे.

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली '२२६ क्रमांकाचे तळे' मधोमध प्लास्टिकचा पडदा लावून दोन भागांत तोडले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन टाकले, दुसऱ्यात कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस. दुसरा भाग हिरवागार झाला, पहिला झाला नाही. विमानातून काढलेले त्याचे छायाचित्र विज्ञानातल्या फार बोलक्या चित्रांपैकी एक आहे. म्हणजे नायट्रोजन भरपूर असूनही फॉस्फरस नसेल तर शेवाळ अडते. लिबिगच्या नावाने ओळखला जाणारा न्यूनतमाचा नियम तो हाच : जे सर्वांत कमी, ते वाढीला रोखते.

१९९६ साली पॉल सिअर्स आणि केव्हिन कॉनलिन या दोन हौशी मत्स्यपालकांनी हेच घरच्या टाकीला लावले. त्यांची युक्ती मजेदार होती. टाकीत पाणवनस्पती दाट लावा आणि त्यांना फॉस्फेट सोडून बाकी सगळे भरपूर द्या, अगदी पोटॅशियम नायट्रेटसुद्धा. मग वनस्पती वाढता वाढता फॉस्फेट शोषून संपवतील आणि शेवाळ उपाशी राहील. नायट्रेट विकत आणून टाकायचे! आमच्या विहिरीत ते आयते आहे. हा निबंध हौशी लोकांत खूप गाजला. पुढे टॉम बार या अमेरिकन मत्स्यपालकाने मुद्दाम फॉस्फेट घालून दाखवले की वनस्पती जोमात असतील तर फॉस्फेट वाढूनही शेवाळ येत नाही. मग सिअर्स-कॉनलिन चुकले असे लोक म्हणू लागले.

आमचे मत असे. उपाय लागू पडला म्हणून कारण सिद्ध होत नाही. सिअर्स-कॉनलिन यांच्या टाक्यांत शेवाळ फॉस्फेट संपल्यामुळे हटले, की वनस्पतींना अखेर नीट खायला मिळून त्या वाढल्यामुळे, हे त्यांच्या मांडणीतून वेगळे करता येत नाही. दोन्ही गोष्टी एकदमच घडत होत्या. शिंडलर यांनी पडदा लावून एकच गोष्ट बदलली, म्हणून त्यांचा निष्कर्ष टिकला. बार यांनी एक गोष्ट बदलली खरी, पण घरच्या टाक्यांत, आणि वनस्पतींनी गच्च भरलेल्या. त्यावरून चार गप्पी आणि एक प्लास्टिकचे झाड असलेल्या टाकीबद्दल काही सांगता येत नाही. ती टाकी शिंडलरच्या तळ्याला जवळची आहे. तिच्यात नायट्रेट आपल्या पाण्यातूनच येते आणि फॉस्फेट मुख्यतः खाद्याच्या डबीतून. म्हणून आपल्याकडच्या बिनझाडांच्या टाकीत पाणी बदलण्यापेक्षा खाद्य कमी करणे अधिक गुणकारी ठरावे, असे आम्हाला वाटते. मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील तेवढेच घालावे, आणि आठवड्यातून एक दिवस उपास.

'ठरावे' म्हटले, 'ठरते' नाही. तपासून पाहणे वर्गात शक्य आहे. एकसारख्या आठ बरण्या घ्या, सगळ्यांत एकाच टाकीतले पाणी भरा. चार खिडकीत, चार खोलीच्या आतल्या उजेडात. प्रत्येक चौकडीत दोन बरण्यांत हायड्रिलाच्या सारख्या लांबीच्या तीन फांद्या, दोन मोकळ्या. हायड्रिला मुद्दाम, कारण आपल्या कठीण पाण्यात मुक्त कार्बन डायऑक्साइड कमी असतो आणि ही वनस्पती बायकार्बोनेटही वापरू शकते. शिवाय जवळच्या तलावात मिळते. दर दोन दिवसांनी बरणीमागे छापील कागद धरून अक्षरे किती वाचता येतात ते लिहायचे. प्रत्येक जोडीतल्या दोन बरण्यांत जेवढा फरक पडेल, त्याहून मोठा फरक दिसला तरच तो फरक मानायचा. पत्रके आणि गाजलेले निबंध दोन्ही इथेच कच्चे पडतात.

विज्ञान प्रदर्शनांत 'शेवाळ आले म्हणजे पाणी दूषित' असा फलक आम्ही अनेकदा पाहिला आहे. तो चूक आहे आणि धोक्याचाही. फॉस्फेट नसेल तर नायट्रेटने भरलेले पाणी बरणीत महिनाभर नितळ राहू शकते, आणि चांगल्या पाण्यात उन्हाने व खाद्याच्या चार कणांनी शेवाळ येते. फ्लोराइडचा तर बरणीला पत्ताही लागत नाही. नितळ बरणी पाहून कोणी विहीर चांगली ठरवली, तर?

हा 'तर' तान्ह्या मुलांसाठी गंभीर आहे. हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी १९४५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात काही बाळे निळी पडत असल्याची नोंद केली. कारण निघाले घरच्या विहिरीतले नायट्रेट. पोटात त्याचे नायट्राइट होते, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनमधल्या लोहाची अवस्था बदलते आणि हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहू शकत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या, बाटलीने दूध पिणाऱ्या बाळांना धोका सर्वांत जास्त, कारण दुधाची भुकटी त्याच पाण्यात कालवली जाते. आणि पाणी उकळले तर? जंतू मरतात, नायट्रेट तसेच राहते. पाणी आटल्याने लिटरमागचा आकडा उलट वाढतो. 'उकळून प्या' हे आपण वर्गात इतक्यांदा सांगतो की त्याची ही मर्यादा सांगायची राहून जाते.

मत्स्यालयासाठी मिळणारा नायट्रेट संच याला उपयोगी पडतो, पण त्यावरचे एकक नीट वाचावे. काही संच नायट्रेट दाखवतात, काही 'नायट्रेटमधला नायट्रोजन'. दुसऱ्या प्रकारच्या आकड्याला ४.४३ ने गुणावे लागते. ४५ ची मर्यादा त्या भाषेत जेमतेम १० होते, आणि १२ वाचून निर्धास्त झालेला माणूस खरे म्हणजे ५३ पाहत असतो. संच विकत घ्यायचा नसेल तर जलजीवन मिशनमध्ये पाणी तपासणीचे संच ग्रामपंचायतींना दिलेले आहेत, आणि पक्क्या आकड्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा आहे. नमुना एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळा संपल्यावर घ्यावा. शाळेत मासे असतील तर टाकीच्या पाण्याआधी ज्या हातपंपाचे पाणी मुले पितात त्याची बाटली भरावी.